मडगार्डावरच्या काठीची बाजू

गेल्या हिवाळ्यात नागपुरात जुन्या गाड्यांचा एक मेळावा भरला होता. तिथं माझी पद्मिनी उभी होती. वडिलांनी १९७६ साली घेतलेली. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. सिरोंच्यापर्यंत सगळा चंद्रपूर जिल्हाच होता आणि गाडी त्या सगळ्या मुलखात फिरली. जुनी गाडी नव्यासारखी करण्यात ज्यांचा हात धरणारा विदर्भात विरळा, असे एक गृहस्थ आले, गाडीभोवती दोनदा फिरले आणि डाव्या मडगार्डापाशी थांबले. तिथं रेडिओची काठी आहे, ओढून लांब करायची, चार टप्प्यांची. ते म्हणाले, “गाडी छान राखली आहे तुम्ही. पण हे भोक पाडून तिचं रूप घालवलंत. काचेला आतून पट्टी लावा, नाही तर बोटभर काडी आणि बूस्टर बसवा. आणि रेडिओ ऐकतो कोण आता? फोन आहे की.”

आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आलं नाही. तो विषय तिथंच सुटला असता, पण त्यानंतर चंद्रपुरातल्या दोन तरुणांनी आपल्या अँबॅसेडरच्या काठ्या काढून भोकात पुट्टी भरलेली मी पाहिली. दोघांनी मला तीच तीन कारणं सांगितली, त्याच क्रमानं. म्हणून हे लिहितो आहे. त्या गृहस्थांच्या हाताचा मला आदर आहे. त्यांचं पत्र्याचं काम मी पाहिलं आहे. पण या बाबतीत त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि आमच्या दोन जिल्ह्यांत तर फारच चुकीचं आहे.

आधी रूपाचं. पद्मिनी काय किंवा अँबॅसेडर काय, त्या काळात रेडिओ ही गाडीबरोबर आपसूक येणारी वस्तू नव्हती. गाडी कुर्ल्याच्या किंवा उत्तरपाड्याच्या कारखान्यातून यायची. रेडिओ मालक वेगळा विकत घ्यायचा, त्याचा सरकारी परवाना काढायचा, पोस्टात जाऊन शुल्क भरायचा आणि मग गाडी मेकॅनिककडे न्यायचा. तो मेकॅनिक मडगार्डाला भोक पाडून काठी बसवायचा. म्हणजे ज्या भोकाला आज विद्रूप म्हणतात, ते गाडीच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतलं, तिच्या मालकानं हौसेनं पाडून घेतलेलं असतं. माझ्या गाडीचं तसंच आहे. ते बुजवणं म्हणजे मूळ रूपाकडे जाणं नव्हे. ज्या रूपात ती गाडी कधी रस्त्यावर धावलीच नाही, असं एक नवं रूप तिला देणं आहे. काचेला चिकटवायची पट्टी आणि शार्कच्या परासारखी टोपी तर तिच्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी बाजारात आली.

काही जण नियमाची भीती घालतात. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांची. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. मडगार्डावरचं रुपयाएवढं भोक म्हणजे बॉडी शेलमधला मोठा फेरफार, असा अर्थ त्या शब्दांतून निघत नाही.

पण इथं एक गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो. एखाद्या गाडीला कधीच रेडिओ नव्हता, पत्रा अखंड आहे, कारखान्याचा रंगही टिकून आहे, तर तिला ड्रिल लावू नये. अशा गाडीसाठी दाराच्या वरच्या पन्हाळीला चिमट्यानं धरणारी काठी मिळते. अँबॅसेडरला आणि पद्मिनीला दोन्हींना ती पन्हाळी आहे. चिमट्याच्या स्क्रूचं टोक रंग भेदून पत्र्याला टेकलं पाहिजे, एवढंच बघायचं; त्या ठिकाणी टिकलीएवढा रंग जातो आणि तो आतल्या बाजूला असल्यानं दिसत नाही. माझा वाद अखंड गाड्यांबद्दल नाही. आधीच असलेली भोकं बुजवण्याबद्दल आहे, आणि ती बुजवून त्या जागी जे बसवलं जातं त्याबद्दल आहे.

तर आता त्या बोटभर काडीकडे येतो, कारण खरा घोळ तिथं आहे.

मध्यम लहरीसाठी मोटारीवरची कुठलीही काठी आखूडच. ५८५ किलोहर्ट्झ हा नागपूर केंद्राचा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर. तिच्या चौथ्या हिश्श्याची काठी करायची म्हटलं तर १२८ मीटर उंच लागेल. मीटरभराची काठी म्हणजे विहिरीत सोडलेली पळी. पण पाणी पळीनंच काढायचं असेल तर पळी मोठी हवी. काठीवर येणारा दाब तिच्या लांबीच्या प्रमाणात असतो. काठी पाचपट आखूड केली की दाब पाचपट कमी. दुसरी गोष्ट अशी की काठीला स्वतःची थोडी विद्युत धारिता असते, मीटरभर काठीला साधारण दहा-बारा पिकोफॅरड. तीही लांबीबरोबर घटते. काठीकडून रेडिओकडे जाणारी केबल हा संकेत मधल्या मध्ये वाटून घेते, आणि काठीची धारिता जितकी लहान तितका केबलचा वाटा मोठा. म्हणून मीटरभराच्या जागी वीस सेंटिमीटरची साधी काडी लावली की रेडिओच्या तोंडाशी पोचणारा संकेत पाचव्या नव्हे, जवळजवळ पंचविसाव्या हिश्श्यावर येतो.

बूस्टर यातली केबलची तूट भरून काढतो, हे खरं आहे. नीट बनवलेला बूस्टर काडीच्या बुडाशीच बसतो आणि केबलनं वाटा घेण्याआधी संकेत वाढवतो. पण दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो तो बहुधा एफएमपुरता असतो आणि मध्यम लहर त्याच्यातून लंगडतच पुढे जाते. शिवाय बूस्टरला गाणं आणि खरखर यांतला फरक कळत नाही. काडीवर जे पडेल ते सगळं तो वाढवतो. आता चंद्रपुरात काडीवर काय पडतं ते पाहा. शहराला लागून २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. तिथून चारी दिशांना गेलेल्या उच्चदाब वाहिन्या. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांना जोडणारं एचव्हीडीसी स्थानक. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत १९९९ पासून चालू असलेली ७५२ किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची वाहिनी. पावसाळी दमट हवेत या तारांखालून गाडी नेली की मध्यम लहरीवर तळणीतल्या कढत तेलासारखा आवाज येतो. ज्यानं इथं गाडीतला रेडिओ ऐकला आहे त्याच्या तो ओळखीचा आहे. लांब काठीनंही तो येतोच. पण लांब काठीवर केंद्राचा आवाज त्याच्यावर तरंगतो. आखूड काडीवर बूस्टरच्या स्वतःच्या घरघरीची आणखी भर पडते आणि केंद्र बुडतं. शहरात, चंद्रपूर आकाशवाणीच्या १०३ मेगाहर्ट्झच्या टप्प्यात, तोच बूस्टर जवळच्या जोरदार संकेतानं गुदमरतो आणि एकच केंद्र तीन ठिकाणी वाजायला लागतं.

विजेचाही प्रश्न आहे. बूस्टरला १२ व्होल्ट लागतात आणि बॉडी निगेटिव्ह लागते. जुन्या इंग्लिश धाटणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. लँडमास्टर किंवा सुरुवातीची अँबॅसेडर असेल तर बॉनेट उघडून आधी ते पाहावं. अशा गाडीत आजचा बूस्टर नुसता बॉडीला कसला की फ्यूज जातो, कधी बूस्टरच जातो. साध्या काठीला यातलं काहीच लागत नाही. पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, सहा व्होल्ट असो की बारा. पन्नास वर्षांपूर्वी बसवलेली काठी आजही तशीच काम करते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आठेक वर्षांपूर्वी माझी मूळ काठी मोडली तेव्हा मीही याच सल्ल्याला भुललो होतो. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजनं मला आखूड काडी बसवून दिली आणि जुनी केबल कुजली आहे म्हणून तिच्या जागी टीव्हीची केबल टाकली. मूलपर्यंत कसंबसं ऐकू आलं. त्यापुढं सावलीच्या रस्त्याला लागलो तसा रेडिओ म्हणजे नुसतं वारं. वडील मागच्या सीटवर होते. ते काही बोलले नाहीत. हात पुढं करून त्यांनी बटण बंद केलं. मला ते अजून लागतं.

तेव्हा मला केबलचं महत्त्व कळलं, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून थोडं विस्तारानं सांगतो. मोटार रेडिओची खरी केबल कापून पाहा. आत केसासारखी बारीक तार असते, कधी नागमोडी, आणि ती जवळजवळ पोकळ नळीत सैल पडलेली असते. ही काटकसर नव्हे. तार बारीक आणि भोवती हवा, म्हणून तिची धारिता मीटरला तीसेक पिकोफॅरडच्या आसपास राहते. टीव्हीची केबल भरीव. तिची धारिता साठ-सत्तरच्या घरात. वायरलेस सेटची काळी जाड केबल तर मीटरला शंभर. दहा-बारा पिकोफॅरडच्या काठीला असली केबल जोडणं म्हणजे वाटीभर दूध घागरीत ओतून पुन्हा वाटी भरायला बघणं. रेडिओच्या पोटात काठीसाठी एक ट्रिमर असतो, पेचकसानं फिरवायचा. त्यानं हे सगळं जुळवून घेता येतं. पण केबल चुकीची असली की ट्रिमर शेवटापर्यंत फिरवूनही जुळत नाही. मग माणूस म्हणतो, रेडिओच गेला. किती चांगले जुने रेडिओ अशा रीतीनं भंगारात गेले असतील! म्हणून केबल जोडून वाढवू नये, कापून आखूडही करू नये. उरलेली डॅशबोर्डाखाली सैल गुंडाळून बांधावी.

एफएमचा हिशेब वेगळा आणि काठीच्या बाजूचाच आहे. १०३ मेगाहर्ट्झची लहर २.९१ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७३ सेंटिमीटर. ओढायची काठी तीन टप्पे काढली की साधारण तिथं येते आणि पुरी काढली की मध्यम लहरीला उपयोगी पडते. एकाच काठीत दोन्ही सोयी. आमच्या गावच्या मेकॅनिकचं वाक्य आहे, “भाऊ, काठी पुरी ओढा, मंग आयका.” त्याला लहरीची लांबी माहीत नसेल. पण त्याचं म्हणणं बरोबर आहे.

आता मुलखाचं. पुण्या-मुंबईच्या चालकाला हा सगळा खटाटोप उगाच वाटेल, कारण तिथं खिळा लावला तरी पाच केंद्रं लागतात. आमच्याकडे एफएमचा पल्ला क्षितिजानं ठरतो. प्रक्षेपणाचा मनोरा शंभर मीटरचा धरला तरी सपाट जमिनीवर पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढं थेट नजर पोचत नाही. आणि गडचिरोलीच्या पूर्वेला सुरजागड, टिपागड, भामरागडच्या टेकड्या आहेत, सपाट जमीन नाही. २८ एप्रिल २०२३ रोजी देशभरात एकाच दिवशी १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, आकांक्षित आणि सीमेलगतच्या जिल्ह्यांवर भर देऊन. चांगली गोष्ट झाली. पण १०० वॅट म्हणजे एक गाव आणि भोवतीची वीस-एक गावं. गावाबाहेर पडून जंगलात शिरलं की उरलेल्या संकेताचा एकेक कण गोळा करावा लागतो. त्यात पावसाळ्यात सागाला पान फुटतं; ओल्या पानांच्या भिंतीतून एफएम उन्हाळ्यातल्या उघड्या जंगलापेक्षा जड जातं. हाच तो भाग जिथं काठीची लांबी कामी येते.

मध्यम लहर जमिनीला धरून येते, टेकडीला वळसा घालते. आणि सूर्य मावळला की वातावरणाचा जो खालचा थर तिला दिवसा शोषून घेतो तो विरतो, वरच्या थरावरून ती परतते आणि शेकडो किलोमीटर लांबून उतरते. सिरोंच्याच्या वाटेवर रात्री मी एकाच काठीवर हैदराबादचं ७३८ ऐकलं आहे, जगदलपूरचं ७५६, विजयवाड्याचं ८३७, रायपूरचं ९८१. प्राणहितेच्या काठी मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी असं एका बटणाच्या फेऱ्यात. नागपूरजवळचं १५६६ किलोहर्ट्झचं एक हजार किलोवॅटचं राष्ट्रीय केंद्र १९८८ पासून तीसेक वर्षं रात्रभर चालायचं. आलापल्लीच्या जंगलातही ते घरच्यासारखं लागायचं. ते गेलं. आकाशवाणी मध्यम लहरीची केंद्रं एकेक करून मिटवत आली आहे हे मला ठाऊक आहे आणि त्याचं दुःखही आहे. पण जी बोलत आहेत ती ऐकायचं साधन आपणच आपल्या हातानं उपटून टाकायचं, हा त्यावर उपाय कसा?

राहिला फोन. चंद्रपूर शहरात, वरोऱ्याला, वडशाला फोन उत्तम चालतो. आलापल्लीहून भामरागडकडे निघा. पासष्ट-एक किलोमीटरचा रस्ता, पेरमिली, ताडगाव, हेमलकसा. त्यात रेंज येते आणि जाते. बहुतेक वेळ जाते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीच्या बातम्यांत असतं. तेव्हा वीज जाते, मागोमाग टॉवर जातो. गाडीतल्या रेडिओला ना टॉवर लागतो ना रिचार्ज. पूर कुठवर चढला, कुठला रस्ता बंद आहे, हवामान खात्याचा इशारा काय आहे, हे बातम्यांतून कळण्याची ती एक वाट उघडी राहते. फोनमधली गाणी ऐकायची असतील तर खुशाल ऐकावीत. पण साठवलेलं गाणं आणि या घटकेला कुणीतरी बोलत असलेला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुराच्या रात्री तो फरक फार मोठा असतो.

बसवण्याबद्दल लोक विचारतात, म्हणून मी काय केलं ते सांगतो. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर ज्या बाजूला आहेत त्याच्या उलट बाजूचं मडगार्ड घ्यावं. जुनं भोक असेल तर तेच; नवीन पाडायचं तर चिकटपट्टी लावून, पंच ठोकून, आधी तीन मिलिमीटरचं आणि मग वाढवत नेऊन काठीच्या बुडाच्या मापाचं, बहुतेक वीस-बावीस मिलिमीटरचं. कडांना रेड ऑक्साइड लावावा. पण खालच्या अंगाला जिथं दातेरी वॉशर बसतो तेवढ्या भागाचा रंग आणि गंज चकाकेपर्यंत खरवडावा. हीच अर्थिंग. दहांतल्या आठ गाड्यांत काठी दोषी ठरते ती इथं, रंगावर रंग कसल्यामुळं. मीटर लावून पाहावं: बूड आणि बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक यांच्यात एक ओहमपेक्षा कमी, काठी आणि बॉडी यांच्यात काहीच जोड नको. मग ग्रीस भरपूर, कारण चाकानं उडवलेला काळ्या मातीचा चिखल थेट तिथंच बसतो. गंज चढतो तो या हयगयीमुळं. भोकाला दोष देऊन उपयोग नाही. केबल आत घेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं.

इंजिनाची खरखर काठीनं जात नाही, तिला वेगळा इलाज आहे. डायनॅमोच्या मोठ्या टोकाला आणि कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला एकेक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला चुकूनही नको, गाडी नीट चालणार नाही. डायनॅमोच्या फील्डच्या टोकालाही नको. प्लगांना रेझिस्टर असलेल्या टोप्या. बॉनेट आणि बॉडी यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी. एवढ्यानं बहुतेक गाड्या शांत होतात. फांद्यांनी काठी मोडते, ही तक्रार खरी आहे. बांबूच्या ट्रकला बाजू देताना माझीही एकदा वाकली. जंगलाच्या अरुंद रस्त्यावर दोन टप्पे आत ढकलावेत. जीपवाल्यांनी लवचीक पोलादी काठी घ्यावी, पण पोलीस आणि वनखात्याच्या वायरलेससारखी दिसणारी लांबलचक काठी हौसेनं लावू नये. आमच्या भागात ती काठी कामाची खूण आहे.

त्या गृहस्थांना माझं एकच सांगणं आहे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, वडशाच्या नाटक कंपन्यांचे रात्रीचे प्रयोग गावोगावी लागतात. तुमची गाडी घेऊन या, बूस्टर आणि बोटभर काडीसह. मी माझी आणतो. दोघांचे रेडिओ एकाच ठिकाणी लावू, मध्यम लहरीवरचं एखादं दुबळं केंद्र धरू, आणि मूल सोडून सावलीमार्गे गडचिरोली, तिथून आलापल्लीपर्यंत पुढंमागं जाऊ. ज्याचा रेडिओ आधी गप्प होईल त्यानं आपली काडी काढावी. माझा झाला तर मडगार्डावरचं भोक तुम्हीच तुमच्या हातानं बुजवा; पत्र्याच्या कामात तुमच्यापेक्षा चांगला हात मला माहीत नाही.